राखणीसाठी वर झालेले हात

भामरागडच्या पुढे, नदीपलीकडच्या ज्या गावात मी नर्स आहे, तिथे साहेबलोक उन्हाळ्यातच येतात. पावसाळ्यात रस्ता तुटतो आणि मग आम्ही आमचे. म्हणून भर दुपारी गावात जीप शिरली तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते साहेबांच्या कामाचं. दिल्लीत एक विधेयक येऊ घातलं होतं आणि त्याबद्दल गावाचं मत विचारायला ते आले होते. मी मूळची राजुऱ्याची. कोळशासाठी आमच्याकडची गावं उठताना पाहत मी मोठी झाले, पण आधी येऊन कोणी मत विचारल्याचं मला आठवत नाही. त्यामुळे मला साहेबांचं कौतुकच वाटलं.

गोटुल म्हणजे गावाचं सामाईक घर. त्याच्या अंगणात सभा बसली. साहेब मराठीत बोलणार आणि अंगणवाडीची बाई ते माडियात, म्हणजे गावाच्या बोलीत, सांगणार, असं ठरलं. ही बाई गावचीच लेक, बारावी शिकलेली, बोलायला एकदम फटकळ. साहेब एक वाक्य बोलायचे आणि ती त्याची चार करायची, तेव्हा लोक हसायचे आणि साहेबांना वाटायचं आपलंच काहीतरी चुकलं.

विधेयकात आरोग्य, घरं, संरक्षण आणि पैसा असं सगळं एकत्र कोंबलेलं. खिचडीत निदान डाळ आणि तांदूळ वेगळे ओळखू येतात. पण पहिला मुद्दा आरोग्याचा निघाला आणि मी विरघळले. उपकेंद्राला पक्की इमारत मिळणार म्हणे. माझं उपकेंद्र म्हणजे एक पत्र्याची खोली. तिथे बाळंतिणीच्या खाटेवर मी छत्री धरून उभी राहिलेली आहे. साहेब बोलत होते आणि मी मनातल्या मनात नव्या भिंतींना रंगसुद्धा देऊन टाकला. मग पक्क्या घरांचं निघालं. स्लॅबखाली मे महिन्यात माणूस भाजून निघेल, असं एक जण म्हणाला आणि सगळे खिदळले. सभा कशी छान रंगात आली होती.

‘आता संरक्षण,’ साहेब म्हणाले. ‘तुमच्या टेकडीवर संरक्षणाचं काम करायचं झालं, तर गावाची संमती आहे का?’

अंगणवाडीच्या बाईने ते माडियात सांगितलं. मला माडिया कामापुरती कळते. तिने सांगितलं ते भलतंच होतं. ती म्हणाली होती, टेकडीची राखण करायची आहे, सरकारपण हातभार लावते म्हणते, चालेल काय?

यात तिची काय चूक? या गावात संरक्षण म्हणजे राखण. वनखात्याने रंगवून दिलेल्या पाटीवर ‘वन संरक्षण समिती’ असंच लिहिलंय, आणि ती समिती करते काय, तर राखण. गावात एक काठी आहे. सांजवेळी ती ज्याच्या दारात ठेवली जाते, त्याच्या घरचं माणूस दुसऱ्या दिवशी टेकडीवर जातं. कोणी चोरून झाड तोडू नये, वणवा लावू नये, यासाठी दिवसभर फिरतं आणि संध्याकाळी काठी शेजारच्या दारात ठेवतं. टेकडीवर मोह आहे, बांबू आहे, आणि माथ्यावर वारलेल्या माणसांच्या नावाने उभे केलेले दगड आहेत. त्या दिवशी काठी सभेपुरती खाली आलेल्या एका म्हातारीकडे होती. एकटीच राहणारी, गुडघ्यांनी पार थकलेली. लोक म्हणायचे, तुझी पाळी आम्ही करतो. ती ऐकायची नाही. तिच्या नवऱ्याचा दगड वर होता आणि पाळीच्या दिवशी ती त्याच्याजवळ बसून येई.

भराभर हात वर झाले. म्हातारीने तर काठीच वर केली. साहेबांनी मोबाइल काढून पुराव्यासाठी फोटो घेतला.

‘साहेब, थांबा!’ मी उठलेच. ‘संरक्षणाचं काम म्हणजे काय ते जरा नीट सांगा.’

‘डिफेन्स, मॅडम. तळ, टॉवर, कुंपण.’

‘आणि लोकांना वर जाऊ देतील?’

‘कुंपणाच्या आत कसं जाऊ देतील?’

‘पण त्या आधी गावाला परत विचारतील ना?’

‘तरतूदच तशी आहे. गावाने एकदा संमती दिली, की संरक्षणाच्या कामाला परत सभा लागत नाही.’ हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. माणूस वाईट नव्हता. त्याने मघाशी माझ्याकडून ओआरएसचं पाणी मागून घेतलं होतं आणि दोनदा थँक्यू म्हटलं होतं.

मी अंगणवाडीच्या बाईला सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. एरवी एका वाक्याची चार करणारी ती, या वेळी एकाच वाक्यात सांगून मोकळी झाली. मग एकदम गलका उठला. म्हातारी तेवढी मला तिच्या बाजारात शिकलेल्या मोडक्या मराठीत विचारत राहिली, ‘राखणवाल्यालेच वर जाऊ नाई देत? काऊन?’

‘आमचा हात खाली करा,’ अंगणवाडीची बाई साहेबांना म्हणाली. ‘तो फोटू मिटवा.’

‘मिटवता येत नाही, बाई. जे झालं ते कळवावंच लागते. पण तुमचा नकारही कळवतो, त्यात काय?’ आणि त्यांनी दुसरा फोटो घेतला. सगळ्यांनी हात मुद्दाम मांडीखाली दाबून धरले होते. साहेबांनी तो मला दाखवला. सावलीत बसलेली माणसं, बस्स. नकार कुठेच दिसत नव्हता. मला रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

‘खाली लिहा की हे नाही म्हणतात,’ मी ओरडले. त्यांनी निमूटपणे माझ्यासमोर लिहिलं.

पण गावात रेंज नाही. रेंज येते ती टेकडीच्या माथ्यावर, दगडांच्या पलीकडे. फोटो पाठवायला आम्ही वर निघालो. साहेब, मी, आणि पाळी आपली आहे म्हणून काठी टेकत म्हातारी. साहेबांचे बूट घसरत होते आणि म्हातारी त्यांना सोपी वाट दाखवत होती. तिचा तो पाहुणचार बघून मला कसंतरीच झालं.

वर एक दांडी रेंज आली. साहेब शिस्तीचे, आधी झालेलं आधी पाठवणार. मी नको नको म्हणत असतानाच पहिला फोटो गेला. मग त्यांनी दुसरा लावला. त्याचं चक्र फिरू लागलं. फिरतच राहिलं. खालून ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, कारण अंधार पडायच्या आत त्यांना जंगल ओलांडायचं होतं. साहेबांनी मोबाइल उंच धरला, हलवला, पुन्हा पाहिला आणि खिशात टाकला.

‘चंद्रपूरला पोचलो की टाकतो, मॅडम. आठवणीने.’ ते उतरायला लागले. गावाचा होकार दिल्लीच्या वाटेला लागला होता आणि नकार एका घाईतल्या माणसाच्या खिशात होता.

म्हातारीने माझी बाही ओढली. ‘आमचा हो गेला. आता आमचा नाई गेला काय वो, नर्सबाई?’

‘नाई गेला,’ मी म्हटलं.

तिचा चेहरा एकदम उजळला. ‘गेला ना? बेस झालं,’ ती म्हणाली. तिने काय ऐकलं ते माझ्या ध्यानात उशिरा आलं. तोवर ती काठी टेकत नवऱ्याच्या दगडापाशी जाऊन बसली होती आणि गावाचं नाही दिल्लीला पोचलं, हे त्याला माडियात सांगत होती.