उंटाला बांधलेली राखी

नव्वदच्या आसपास सिल्वासात, टोकरखाड्याच्या सरकारी वसाहतीत आमच्याकडे रंगीत टीव्ही आला आणि दर रविवारी सकाळी आमची बाहेरची खोली सार्वजनिक झाली. मागच्या चाळीत कारखान्यात काम करणारी खानदेशी कुटुंबं राहत. त्यांची मुलं, मुलांच्या आया, रात्रपाळीहून आलेले तांबारल्या डोळ्यांचे बाप, असे सगळे एका परदेशी कार्टूनसाठी जमत. त्यात एक उंट बस चालवायचा आणि एक हंसीण त्या बसची कंडक्टर होती. आठ मिनिटांचा भाग. बस निघायची, काहीतरी बिघडायचं, दोघं भांडायची, बस पोचायची. एवढ्या भांडवलावर ती मालिका वर्षानुवर्षं चालली.

कार्टून इंग्रजीत. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, म्हणून अर्थ सांगायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. अडचण एवढीच की मला त्यातलं निम्मंही कळत नसे. माझं इंग्रजी रत्नागिरीत, छापील पुस्तकांवर वाढलेलं. जाडजूड कादंबऱ्या मी वाचून टाकायचे. पण तो उंट तोंडात घास धरून बोलल्यासारखा बोले, आणि हंसीण बोलताना श्वासच घेत नसे. तरी इंग्रजीच्या बाईंना इंग्रजी कळत नाही ही बातमी सिल्वासात दुपारपर्यंत पसरून सोमवारी माझ्याआधी शाळेत पोचली असती. तेव्हा जे दिसेल त्यावरून मी सांगत गेले.

दोघांची भांडणं पाहून मी त्यांना बहीण-भाऊ ठरवलं. इतकं मनापासून दुसरं कोण भांडतं? पुढे एका भागात तिने उंटाच्या पुढच्या पायाला लाल फीत बांधली. "राखी," मी म्हटलं. उंटाने तिला टोपी दिली. "ओवाळणी." खोलीभर समाधान पसरलं. चाळीतल्या, धुळ्याकडच्या एका वहिनींनी तर डोळ्यांना पदर लावला.

"भाऊ असावा तं असा," त्या म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा भाऊ दरवर्षी येतो म्हणायचा आणि येत नसे.

काही वर्षांनी त्या कार्टूनचा मोठा सिनेमा निघाला. प्रशासनातल्या एका साहेबांना त्यांच्या मेहुण्याने मुंबईहून त्याची कॅसेट पाठवली. साहेबांच्या हाती काहीही पडलं की त्याचा कार्यक्रम होत असे. हॉल ठरला, दोन टीव्ही आणि भाड्याचा व्हीसीआर आला.

"बाई, मराठी निवेदन तुमचं. माइकवरून. दर्जेदार हवं."

"साहेब, एकदा आधी बघायला मिळेल का?"

"उद्घाटनाआधी? मग उद्घाटन कसलं करायचं?"

कॅसेट त्यांच्या कपाटात कुलपात राहिली. कार्यक्रमाच्या दिवशी व्हीसीआरला हार घातला, कुंकू लावलं, त्याच्यापुढे नारळ फोडला. मग साहेब बालमन आणि राष्ट्राचं भवितव्य यांवर बोलले. तेवढ्या वेळात कार्टूनचे तीन भाग सहज झाले असते.

आठ मिनिटांची गंमत दीड तास कशी ताणतात, हे मी त्या दिवशी पाहिलं. आधी पात्रांना बालपण देतात, मग त्या बालपणात दुःख घालतात. उंटाला वडील नव्हते हे इतक्या वर्षांत त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. मग डेपो पाडायला निघालेला एक दुष्ट बोका आला, आणि जी बस कधी वेळेवर पोचली नव्हती ती त्याच्या मागे डोंगर चढू लागली. भांडणं कमी झाली, गाणी वाढली. दोघं समजुतीने बोलू लागली तशी मुलं शेंगा सोलू लागली.

मी मात्र रंगात आले होते. समजुतीचं बोलणं सावकाश असतं, त्यामुळे मला चक्क कळत होतं. डोंगरमाथ्यावर उंट गुडघे टेकून बसला. उंटच तो, त्यात नवल नव्हतं. पण मग त्याने ती लाल फीत पुढे केली आणि म्हणाला, ही बांधलीस त्या दिवसापासून तुला विचारायचं होतं, माझ्याशी लग्न करशील?

हॉल माझ्या आवाजासाठी थांबला.

"तो म्हणतो," मी माइकवर म्हटलं, "ताई, बस बिघडली."

पुढच्याच चित्रात ताई पांढऱ्या झग्यात, हातात फुलं. "तिचं लग्न ठरलंय," मी घाईने म्हटलं. "नवरा वाटेत आहे." तेवढ्यात उंटाने तिचा मुका घेतला.

दुसऱ्या रांगेतून वहिनी ताडकन उठल्या. "ओ बाई! ती त्याची बहीण शे ना? राखी बांधेल व्हती ना तिनी!"

साहेब वळले, पाहुणे वळले. माझ्याजवळ तीन उत्तरं तयार होती: ही दुसरी हंसीण आहे, हे स्वप्न आहे, परदेशात अशीच पद्धत असते. तिसरं सहज खपलं असतं. पण वहिनींचा चेहरा बघितला आणि मी तिन्ही सोडून दिली.

"नाही हो वहिनी. बहीण मी केली तिला. राखीही माझीच. मला त्यांचं इंग्रजी कळतच नव्हतं. इतकी वर्षं मनानेच सांगत होते."

माइक उत्तम होता. हे वाक्य किलवणी नाक्यापर्यंत गेलं असावं.

वहिनी सावकाश खाली बसल्या आणि शेजारणीला म्हणाल्या, "पण सांगत तं भारी व्हती."

आभार मानताना साहेबांनी माझ्या "मिस्कील निवेदनशैली"चं कौतुक केलं. कबुली त्यांना विनोद वाटली होती. मुलांना तसं वाटलं नाही. सोमवारपासून सहावीच्या वर्गात मी शब्दाचा अर्थ सांगितला की चार हात वर होत आणि मला शब्दकोश उघडून दाखवावा लागे.

रविवारी कोणी येणार नाही असं धरून मी टीव्ही लावलाच नव्हता. ठरल्या वेळी दार वाजलं. सगळे होते. वहिनींनी बसायच्या आधी अट घातली. "बाई, खरं असंल तं खरं म्हना. तुमचं असंल तं तुमचं म्हना."

मी सुरू केलं. "तो म्हणतो, टायर पंक्चर झालं. हे खरं. ती म्हणते, तुझ्या डोक्यात भरपूर हवा आहे, तीच भर. हे माझं." हशा माझ्या वाक्यालाच झाला.

मग उंट काहीतरी लांबलचक पुटपुटला. मी पुन्हा एकदा कान दिला. "हे मला कळलं नाही," मी म्हटलं. इतक्या लोकांत हे वाक्य शांतपणे म्हणायची ती पहिलीच वेळ.

"मंग मी सांगते," वहिनी म्हणाल्या. त्यांनी उंटाकडे नीट बघितलं. "तो म्हणस, डबामा भाकर थंडी व्हती."

रात्रपाळीवाले इतके हसले की हंसिणीचं उत्तर कोणालाच ऐकू आलं नाही.