होविताची सूज

होविता माझी कोमाद्रे. म्हणजे माझ्या थोरलीला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनं हातात धरलं, आणि तेव्हापासून मला जे धरलंय ते सोडलेलंच नाही. ओरिसाबा गावच्या बाजारात ती तमाल, म्हणजे पानात उकडलेल्या मक्याच्या पिठाच्या वड्या विकते, मी शेजारी फुलं. तिला साखर आहे. कशानं झाली विचारा, म्हणेल, "मागे मी बसलेली बस दरीकडे घसरली ना, त्या धसक्यानं." चव बघायच्या नावाखाली रोज गोड तमाल चापते, त्याचा काही म्हणून संबंध नाही.

यंदा तिच्या लघवीतून प्रथिनं जायला लागली. तिची आई डायलिसिस करता करताच गेली होती, त्यामुळे बाई हादरल्या. मोठ्या इस्पितळात साखरेनं बिघडलेल्या मूत्रपिंडांवर नव्या औषधाची चाचणी चालू होती, तिथे मीच तिला ओढत नेलं. डॉक्टर इत्सेल वयानं लहान, पण बोलायला गोड. म्हणाल्या, "होविताबाई, साखरेमुळे मूत्रपिंडाला आतून सूज येते. हे औषध ती उतरवतं का, ते बघायचंय. काहींच्या कॅप्सूलमध्ये औषध असेल, काहींच्या नुसती बिनऔषधी पूड. कुणाला काय, ते मलाही ठाऊक नाही."

एवढ्या सगळ्यातून होविताबाईंनी एकच शब्द उचलला. सूज.

त्यानंतर ती रोज सकाळी माझ्यासाठी आतोले आणायला लागली. मक्याची गरम पेज, वर दालचिनी. जरा कडवट लागायची, पण फुकटच्या पेजेला नावं कोण ठेवणार? मला वाटलं, म्हातारपणी का होईना, सुधारली.

पुढच्या तपासणीला मी बरोबर होते. डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. "प्रथिनं वाढलीत. कॅप्सूल रोज घेता ना?"

"रोज संपते," होविता म्हणाली.

"संपते खरी, पण कुणाच्या पोटात?" मी विचारलं. हिला मी ओळखून आहे.

ती माझ्या पायांकडे बघायला लागली. "तुम्हीच म्हणालात, सुजेचं औषध. मला कुठं आहे सूज? हिचे पाय बघा, भोपळे झालेत नुसते. मी कॅप्सूल फोडून आतोलेत घालून देत होते."

"अगं भवाने, माझे पाय दिवसभर उभं राहून सुजतात! मूत्रपिंडं तुझी चाललीत." माझं डोकंच फिरलं.

डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. मग माझंही रक्त तपासलं. मूत्रपिंडं ठणठणीत निघाली. झाला प्रकार त्यांना वरिष्ठांना कळवावाच लागला. होविताला चाचणीत ठेवायचं की काढायचं, ते ठरेपर्यंत मी रोज इस्पितळात खेटे घातले. शेवटी ठेवलं, पण कॅप्सूल तिनं माझ्यासमोर गिळायची, या अटीवर.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी तिच्या पातेल्यापाशी ठाण मांडलं. "गीळ."

ती कॅप्सूल बोटांत फिरवत बसली. "यात नुसती पूड असली तर?"

"असली तर असू दे. पण औषध असलं तर? ते मला का पाजत होतीस, बये?"

"आई गेली, नवरा गेला," ती हळूच म्हणाली. "आता तूही गेलीस तर मी भांडू कुणाशी?"

"आणि तू गेलीस तर मी?"

 तिनं कॅप्सूल जिभेवर ठेवली आणि पाणी मागितलं.