बेलिफकाकांचा फिरकीचा तांब्या

"बाबा गेले..." गायकवाडकाकांची लेक फोनवर एवढंच म्हणाली. मला आधी त्यांचा चेहरा आठवलाच नाही. आठवलं ते त्यांच्या मनगटावरचं घड्याळ. काका तालुक्याच्या दिवाणी कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावायचं, निकालानंतर हुकमाप्रमाणे ताबा द्यायचा, हे त्यांचं काम. आमच्याकडे ते पहिल्यांदा आले बहात्तरच्या दुष्काळातल्या दुसऱ्या उन्हाळ्यात.

मुरूम गावाजवळच्या आमच्या रानात दोन विहिरी. एक कधीचीच कोरडी, दुसरीत हातभर पाणी. त्या दुसरीत आमचा निम्मा हिस्सा आहे, हे माझ्या विधवा सासूबाईंनी सात वर्षं भांडून कोर्टाकडून मिळवलं होतं. पण निकाल राहिला कागदावर. चुलतसासरे कळशी बुडवू देत नव्हते. निकाल अमलात आणावा म्हणून पुन्हा दरखास्त दिली, तेव्हा कुठं ताब्याचं वॉरंट निघालं. आणि काका यायच्या दिवशीच सकाळी कळलं, की चुलतसासऱ्यांनी वरच्या कोर्टातून स्थगिती मिळवली आहे आणि त्यांचा मुलगा कागद घेऊन दुपारच्या एसटीनं उस्मानाबादहून येतोय. तो आधी पोचला असता, तर पाणी पुन्हा किती वर्षं लांब गेलं असतं कोण जाणे. मला सहावा महिना होता. पाण्यासाठी रोज दीड कोस चालत होते.

काका सायकलवरून आले, घड्याळ पाहिलं आणि आधी वेळ लिहिली. सासूबाईंनी त्यांना पाणी विचारलं नाही. हे लिहिताना आज लाज वाटते. ते बौद्ध, आम्ही लिंगायत. कुठल्या भांड्यात द्यायचं, याचाच घोर आम्हाला. काकांनीच खांद्याला अडकवलेला, फिरकीच्या झाकणाचा तांब्या दाखवला. "पाणी हाय माझ्यापाशी." सासूबाई सुटल्यासारख्या झाल्या, ते मला स्पष्ट दिसलं.

विहिरीवर पंच जमले, हलगीवाला आला. काकांनी हुकूम वाचला आणि थांबले. "पश्चिमेला बाभळ असलेली विहीर, असं लिवलंय. हितं तर दोन विहिरी, अन् बाभळ कुठंच न्हाय."

सासूबाईंचा चेहरा पडला. "म्याच तोडली, साहेब. शेळ्यास्नी पाला न्हवता. बुंधा बी चुलीत गेला."

सात वर्षं जिच्यासाठी कोर्टाची पायरी झिजवली, त्या विहिरीची खूण आम्हीच जाळून बसलो होतो! पंच म्हणाले, अहो, सगळ्या गावाला ठाऊक आहे. काका म्हणाले, "गावाला असंल. हुकमाला न्हाय." मग त्यांनी कुदळ मागवली. रणरणतं ऊन, माती दगडासारखी. मी एकदा खड्ड्याकडे बघायची, एकदा सडकेवरच्या धुळीकडे. शेवटी हातभर खाली बाभळीच्या मुळ्या लागल्या. काकांनी त्या पंचांना दाखवल्या, पंचनाम्यात लिहिल्या, मगच खळ लावून वॉरंटाची प्रत मोटेचं पाणी पडायचं त्या थारोळ्याच्या दगडावर डकवली. हलगी वाजली, पुकारा झाला. सासूबाईंनी घागर सोडली आणि भरून वर ओढली.

काकांनी पुन्हा घड्याळ पाहिलं. एक वाजायला दहा कमी. मला राहवेना. "साहेब, अकराच लिहा ना. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय की," ते म्हणाले. त्यांचे ओठ सुकून पांढरे पडले होते आणि तांब्या कधीच रिकामा झाला होता. भरली घागर समोर होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

वीस मिनिटांनी चुलतदीर कागद नाचवत आला. काकांनी तो घेतला, पोच दिली, तिच्यावरही वेळ टाकली. पुढं भावकीनं आरोप केला, की ताबा स्थगितीचा कागद हातात पडल्यावर दिला आणि वेळ मागाहून घातली. काका पिंजऱ्यात उभे राहिले. एसटीची वेळ, पंचांची साक्ष, त्यांच्या अक्षरातल्या दोन्ही नोंदी, सगळं जुळलं आणि ताबा टिकला. मी सांगितलेले अकरा त्यांनी लिहिले असते, तर? तेव्हा तर आम्ही मुळ्याच खणत होतो आणि सडकेनं जाणारा-येणारा ते बघत होता. या विचारानं मी अजूनही दचकते.

निवृत्त झाल्यावर आठवडाभरातच ते आले. तांब्याची फिरकी काढून तो पुढं धरला. "आता माझ्याकडं कुणाचंच काम न्हाय. भरा." सासूबाई स्वतः विहिरीवर गेल्या. मी विचारलं, "त्या दिवशी का नाही प्यायलात, काका?" ते हसले. "त्या दिशी पाणी कुणाचं, ह्येच तर ठरवायचं हुतं, पोरी."

पुढं दर उन्हाळ्यात ते येत राहिले. त्या दिवशी सासूबाईंना वाटलेली सुटका त्यांना दिसली होती का, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही. आता कुणाला विचारू...

परवा मी त्यांच्या घरी लेकीला भेटायला गेले. तांब्या खुंटीला होता. सहज हात लावला, तर जड लागला. त्यांची लेक म्हणाली, "गेल्या खेपेला तुमच्याकडून भरून आणलेलं. शेवटी बाबांनी दोन घोट त्यातलेच मागितले. उरलेलं ओतून टाकवत न्हाय."