पाडा गप्प राहिला

धोंडिराम वरठा हा आपल्या पाड्याचा जाणता माणूस. तुम्ही म्हणाल, मुंबईत कसला पाडा? अहो, दिंडोशीच्या इमारतींमागे चढ चढून गेलं की वारल्यांचा पाडा आहे. होता म्हणा.

त्या पाड्याची एक रीत होती. लग्न असो की विहीर, जाणत्यानं मधोमध उभं राहून विचारायचं. पटलं त्यानं तोंडानं ‘होय’ म्हणायचं, बायामाणसांनीसुद्धा. सगळे गप्प राहिले, तर बोलणं मेलं. ‘नाही’ म्हणून समोरच्याचं तोंड कडू करायचं नाही, मुकाट उठायचं. धोंडिरामच्या लग्नाची बोलणी अशीच मरायला टेकली होती. राधेच्या आजीनं ‘होय’ म्हणायला अख्खी दुपार खाल्ली!

तर सरकारनं पाड्यापुढे करार मांडला. जंगल सोडा, मालाडला खोल्या घ्या. शाळेच्या हॉलमध्ये जनसुनावणी भरली. साहेबांनी करार वाचला, माइकवर विचारलं, “कुणाची हरकत?”

पाडा गप्प.

साहेबांनी पुन्हा विचारलं. रडतं पोरही आईनं पदराखाली घेतलं. साहेब हसले, हात जोडले, सगळ्यांना वडापाव दिले.

चढ चढताना धोंडिराम भलता खूश. “राधे, मेलं गं बोलणं! एक माणूस फुटला नाही.”

“साहेब रागावला नाही ना?”

“छे! हसला. शहाणा माणूस.”

भात झोडून झालं आणि बुलडोझर आला. धोंडिराम आडवा धावला. “साहेब, पाडा तर गप्प होता!”

“तेच ना आजोबा. एकाचीही हरकत नव्हती.”

“अहो, गप्प होता साहेब... गप्प होता...” म्हातारा तेवढंच म्हणत राहिला. पाड्याच्या वेशीवरचा वाघोबा शेंदरासकट मातीत गेला.

आता मालाडला, वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आहे. परवा सोसायटीची सभा होती. सेक्रेटरी चंद्रप्रकाश म्हणाले, “विषय पहिला...”

“हरकत आहे!” धोंडिराम उभा राहून ओरडला.

सगळे हसले. “काका, विषय तरी ऐका ना!”

“असू दे. हरकत आहे.”

घरी आला तर राधा खिडकीशी, डोंगराकडे तोंड करून बसलेली. तो शेजारी टेकला.

“राधे, करमतंय ना गं आता इथं?”

राधा काहीच बोलली नाही.

त्यानं पुन्हा विचारलं नाही.