शिवलेली नावं

खैरुन सिस्टरची ओळख मला आधी फोनवरून झाली, आणि ती चांगली नव्हती. माझी मुलगी साक्षी नर्सिंग करून अकरा महिन्यांच्या करारावर अहेरीच्या पलीकडे, जंगलातल्या एका दवाखान्यात लागली होती. गावाचं नाव मी लिहीत नाही. तिथं पोलीस जवानांसाठी आठ खाटांचा वेगळा वॉर्ड होता आणि खैरुन सिस्टर त्याच्या इनचार्ज होत्या. मी इकडे सावली गावात, साक्षी तिकडे. नेटवर्क मिळालं की तिचा फोन यायचा.

"मम्मी, ही बाई आमाले शिवणकाम करायले लावते."

ते खरं होतं. वॉर्डात जवान आला की जुन्या चादरीची दोन बोटं रुंद पट्टी फाडायची, तिच्यावर लाल दोऱ्यानं त्याचं नाव शिवायचं आणि ती त्याच्या मनगटाला बांधायची. इतर दवाखान्यांत चिकटपट्टीवर पेननं नाव लिहितात. खैरुन सिस्टरला ते चालत नव्हतं. त्या राजुऱ्याच्या. वडील शिंपी, मशीनच्या आवाजात वाढलेल्या. तेहतीस वर्षांची नोकरी, त्यातली एकोणीस जंगलात. पावसाळ्यात मलेरिया डोक्यात चढलेले जवान बेशुद्ध यायचे. ताप उतरवायला ओल्या फडक्यानं सारखं अंग पुसावं लागतं. पाण्यानं चिकटपट्टी निघते, शाई पसरते, दोरा मात्र तसाच राहतो. एवढं साधं कारण होतं. पण ते त्यांनी मुलींना कधी समजावून सांगितलं नाही. नुसतं म्हणायच्या, "सांगतलं तेवढं करा."

त्या सप्टेंबरात मी पंधरा दिवस साक्षीकडे राहायला गेले. तिला माझी गरज नव्हती, मलाच घरी झोप येत नव्हती.

क्वार्टरच्या हॉलमध्ये एक टीव्ही होता. संध्याकाळी त्यावर एक विनोदी मालिका लागायची. कुठलंतरी युद्ध, तंबूतला लष्करी दवाखाना, आणि त्यातल्या नर्सेस साबणावरून, खाटेवरून, सुट्टीवरून भांडायच्या. त्यांची एक करडी मेजर होती. इथल्या मुलींनी खैरुन सिस्टरचं नाव मेजर ठेवलं होतं. चंद्रपूरची दिव्यानी नक्कल छान करायची. नाकावर चष्मा घेऊन, सुईत दोरा ओवल्यासारखं करून म्हणायची, "पोरी, गोळी मंग काढू, आधी काजं कर." सगळ्या हसायच्या. साक्षी मात्र हसायची नाही, कारण तिचं आणि दिव्यानीचं महिनाभर बोलणं बंद होतं. दिव्यानी ड्यूटीवर रोज उशिरा येते, अशी तक्रार साक्षीनं लेखी केली होती. त्यानंतर दिव्यानी तिच्यासमोर भिंतीशी बोलायची. "काही लोकाईले लय लिवता येते बाप्पा."

मालिकेत जखमी आले की त्या सगळ्या भांडण विसरून एका रांगेत उभ्या राहायच्या. मला ते खोटं वाटायचं.

खैरुन सिस्टर टीव्ही पाहायला येत नसत. व्हरांड्यात बसून राजुऱ्याला फोन करायच्या. नवरा, कय्यूमभाई, साखरेच्या आजारानं जवळजवळ आंधळे झालेले, घरी एकटे. नोकरीची तीन वर्षं उरली होती आणि राजुऱ्याला बदली मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला होता. दिवाळीपर्यंत ऑर्डर येणार होती. एकदा मला म्हणाल्या, "बाई, तुमची पोरगी हुशार आहे. पण हाताले घाई आहे तिच्या." मला राग आला होता.

एकवीस तारखेला खैरुन सिस्टर मीटिंगसाठी अहेरीला गेल्या आणि नाल्याला पूर आला. त्या तिकडेच अडकल्या. दुपारी चारला होडीतून दोन जवान आले, एकाच कॅम्पचे, दोघंही बेशुद्ध. एक मुखरू, दुसरा लालसू. दोघंही तेवीस-चोवीसचे, दोघांचे केस बारीक कापलेले. सोबतच्या पोलिसानं नावं सांगितली आणि अंधार पडायच्या आत तो होडीनं परत गेला. ड्यूटीवर साक्षी एकटी होती. तिनं दोघांना सलाईन लावलं आणि मनगटांवर चिकटपट्टीवर नावं लिहून लावली. शिवत बसायला वेळ नव्हता, असं ती म्हणते. मीही तेच म्हणेन.

मग ती तीन तास दोघांचं अंग पुसत राहिली. सातच्या सुमाराला तिच्या लक्षात आलं की दोन्ही पट्ट्या निघून ओल्या चादरीत पडल्या आहेत. तिनं त्या उचलून परत लावल्या. अंदाजानं. खाटेवरचा कागद त्या वॉर्डात हातावरचं नाव पाहूनच भरतात. तोही तिनं तसाच भरला.

आठला दिव्यानी आली. एक नर्स जाते आणि दुसरी येते तेव्हा दोघींनी प्रत्येक खाटेजवळ उभं राहून रुग्ण एकमेकींच्या ताब्यात द्यायचा असतो. त्याला त्या ओव्हर देणं म्हणतात. या दोघी बोलत नव्हत्या. साक्षीनं रजिस्टर टेबलावर ठेवलं, दिव्यानीनं ते वाचलं आणि सही केली. पट्ट्या निघाल्या होत्या, हे रजिस्टरमध्ये नव्हतं.

पहाटे एक जवान गेला. हातावर नाव होतं मुखरू. दिव्यानीनं डॉक्टरांना सांगितलं, डॉक्टरांनी कॅम्पला, कॅम्पनं मुखरूच्या घरी.

सकाळी सातला लालसूची आई आली. तिचं गाव नाल्याच्या अलीकडे होतं, ती चालत आली होती. डब्यात पेज होती. मुलगा आजारी आहे, एवढंच तिला माहीत होतं. डॉक्टरांचा राऊंड झाल्याशिवाय आत सोडत नाहीत म्हणून ती व्हरांड्यात बसली. दारातून आतल्या खाटा दिसायच्या, पण सगळ्यांवर मच्छरदाण्या. चेहरा दिसत नव्हता. मी तिला चहा दिला. आत जाऊन विचारून आले आणि तिला म्हणाले, "लालसू बरा आहे बाई. ताप उतरला त्याचा. मेला तो दुसरा."

तिनं डबा मांडीवर घेतला. अर्ध्या तासानं परत विचारलं, "बरा हाय?" मी म्हणाले, "बरा आहे." असं मी चार वेळा म्हणाले. मी मोजलं होतं असं नाही, पण आता आठवतात.

दहाला पाणी उतरलं आणि खैरुन सिस्टर आल्या. राऊंड संपला होता. त्या लालसूच्या आईला हाताला धरून आत घेऊन गेल्या आणि त्यांनी मच्छरदाणी वर केली. बाईनं वाकून पाहिलं. मग खैरुन सिस्टरकडे पाहिलं.

"हा माहा पोरगा नोहे."

खैरुन सिस्टरनी खाटेवरच्या मुलाचं मनगट हातात घेतलं, चिकटपट्टी पाहिली आणि साक्षीकडे एकदाच पाहिलं. त्या बाईला घेऊन मागच्या खोलीत, पहाटे गेलेल्या जवानाला ठेवलं होतं तिथं गेल्या. मी दारापर्यंत गेले आणि थांबले. बऱ्याच वेळानं आत डोकावले. डबा जमिनीवर होता. बाई मुलाच्या पायाशी बसली होती. खैरुन सिस्टर स्टूलवर बसून पांढऱ्या पट्टीवर लाल दोऱ्यानं नाव शिवत होत्या. मुखरू लिहिलेली चिकटपट्टी त्यांनी काढली आणि शिवलेलं नाव त्या मनगटाला बांधलं. दोन गाठी मारल्या.

दुपारी मुखरूच्या घरी परत फोन गेला, तुमचा मुलगा जिवंत आहे म्हणून. तिथं तोवर लाकडं आणून झाली होती, असं नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी चौकशीला साहेब येणार होते. साक्षी खोलीत भिंतीकडे तोंड करून बसली होती. करार तुटणार हे नक्की होतं. नोंदणीही जाईल, असं कोणीतरी म्हणालं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो काढलाही नाही आणि धरलाही नाही.

संध्याकाळी दार न वाजवता दिव्यानी आत आली. महिन्याभरानं पहिल्यांदा साक्षीशी बोलली.

"कात्री कुठी आहे?"

"काऊन?"

"दे ना. सवाल नको करू."

तिच्यामागे वॉर्डातल्या बाकीच्या दोघी नर्स होत्या. चौघी वॉर्डात गेल्या, मीही गेले. वॉर्डातल्या सात जणांच्या मनगटांवर, आता मुखरूच्याही, शिवलेली नावं होती. दिव्यानीनं एकेक कापलं आणि त्याजागी चिकटपट्टी लावून पेननं नाव लिहिलं. एक जवान जागा होता. म्हणाला, "सिस्टर, चांगली राखी काऊन तोडता माही?"

"भाऊ, गप झोप. तुही बहीण लय आगाऊ आहे असं समज."

साक्षी म्हणाली, "हे काय करून राह्यली तू?"

"उद्या साहेब पाह्यतीन तं सगळ्याईच्या हातावर चिकटपट्टीच दिसली पायजे. वॉर्डाची पद्धतच तशी, म्हणू. मंग एकट्या पोरीले कसं काढतीन?" मग खाली पाहून म्हणाली, "ओव्हर मी बी घेतली नोयती. तुह्या थोबाडाकडे पाहाचं नोयतं मले."

कापलेल्या पट्ट्या तिनं कचऱ्याच्या डब्यात टाकल्या. मी त्यांच्यावर वर्तमानपत्राचा कागद टाकला. हे चूक आहे, हे मला समजत होतं. मी शिकलेली बाई आहे. कागद मीच टाकला.

सकाळी खैरुन सिस्टर आल्या. पहिल्या खाटेजवळ थांबल्या, दुसऱ्या, तिसऱ्या. सातही मनगटं पाहिली. डब्याजवळ गेल्या, कागद उचलला, परत ठेवला. चौघी भिंतीला लागून उभ्या होत्या. टेबलावरची सुई आणि दोऱ्याचं रीळ उचलून खैरुन सिस्टरनी पर्समध्ये टाकलं.

साहेब अकराला आले. मी व्हरांड्यात होते, खिडकी उघडी होती.

"नावाची पट्टी कोणत्या नर्सनं लावली?"

"वॉर्डात अशीच लावतो साहेब. सगळ्याईलेच. माह्या सांगण्यावरून."

"सगळ्यांना चिकटपट्टी?"

"पाहून घ्या."

त्यांनी पाहिलं. मग म्हणाले, "मयताचे फोटो आलेत माझ्याकडे. त्याच्या हातावर शिवलेलं कापड आहे. ते कुठून आलं?"

त्या कापडाचा विचार रात्री कोणीच केला नव्हता.

"ते मी बांधलं. तो गेल्यावर."

"का?"

"पट्टी निघते साहेब. पाण्यानं."

"म्हणजे निघते हे तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

"आणि तरी तुम्ही तीच लावायला सांगितली?"

"हो."

साहेबांनी ते लिहून घेतलं. खैरुन सिस्टरनी चष्मा लावून वाचलं आणि सही केली.

साक्षीला ताकीद मिळाली, तिची नोकरी राहिली. खैरुन सिस्टरच्या सेवापुस्तकात शेरा गेला आणि राजुऱ्याची बदली थांबली. त्या दिवशी साक्षी पाया पडायला गेली तर त्यांनी पाय मागे घेतले. पर्समधून रीळ काढून तिच्या हातात दिलं. "आठ पट्ट्या. संध्याकाळपर्यंत. खाट रिकामी असली तरी कापड तयार पायजे." आठही साक्षीनं एकटीनं केल्या नाहीत. शेजारच्या स्टुलावर दिव्यानी येऊन बसली, आणि दोघी शिवू लागल्या.

याला दोन वर्षं झाली. साक्षीचा करार दोनदा वाढला. खैरुन सिस्टर तिथंच आहेत. कय्यूमभाईंना आता अजिबात दिसत नाही, शेजारीण डबा देते. मध्ये मी खैरुन सिस्टरना फोन केला. बरेच दिवस करायचा होता. मी म्हणाले, "सिस्टर, तुमचे उपकार मी कसे..."

"बाई, ते राहू द्या." मग म्हणाल्या, "एक विचारू? त्या लालसूच्या माईचं नाव काय होतं?"

मी आठवून पाहिलं. तीन तास मी तिच्याजवळ बसले होते. दोनदा चहा दिला होता.

"मला माहीत नाही."

"मले बी नाई. साक्षीले विचारलं, दिव्यानीले विचारलं. कोणीच विचारलं नोयतं तिले."

त्यानंतर त्यांनी घरात जुन्या चादरी आहेत का ते विचारलं. पांढऱ्या असल्या तर बरं, म्हणाल्या. मी दोन काढून ठेवल्या आहेत.