बैल रंगवणारे सर

हळद उतरायच्या आत माझे मिस्टर मला एका म्हशीसाठी सोडून गेले होते.

थट्टा नाही. माजलगावला कृषी प्रदर्शन भरलं होतं. सकाळी बाईकला किक मारून जे गेले, ते दिवेलागणीला उगवले. पँटला शेण, हातात स्केचबुक.

"संगीता, किती देखणी हाय बघ."

म्हैस.

मी नवी साडी नेसून बसले होते. माझ्याकडे बघून असं एकदाही म्हणाले नव्हते.

मी अबोला धरला. त्यांना कळलंच नाही.

शाळेत ड्रॉइंग शिकवायचे म्हणून आमचं अख्खं वडवणी गाव त्यांना सर म्हणायचं. मग मीही सरच म्हणायला लागले. पण त्यांचा खरा जीव गुरांची चित्रं काढण्यात. जिल्ह्यात कुठंही प्रदर्शन लागलं की म्हणायचे, "जरा प्रेरणा घेऊन येतो."

प्रेरणेचं शेण पँटला लागायचं आणि धुणं माझ्या नशिबी.

शेवटी म्हटलं, मी पण येते. बघू तरी काय एवढं आहे त्या म्हशींत.

लोक प्रदर्शनात ट्रॅक्टर बघतात, ठिबकचे स्टॉल फिरतात, फुकटच्या पिशव्या गोळा करतात. (मीही करायचे, खोटं कशाला बोलू.) सर मात्र सरळ जनावरांच्या मांडवात. फोल्डिंगचं स्टूल टाकायचे, आधी मालकाला जनावराचं नाव विचारायचे, मगच पेन्सिल काढायचे. चित्राखाली तेच नाव लिहायचे.

तिथंच शेषेरावभाऊ भेटले. चकलांब्याचे शेतकरी. सोबत त्यांचा लाल कंधारी बैल, सोन्या.

"काय करायलात हो सर?"

सर चित्रात गुंग. मान वर न करता म्हणाले, "बैल रंगवतो."

"आस्सं," म्हणून भाऊ निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सोन्याला धुऊन, शिंगं घासूनपुसून थेट आमच्यापुढे आणून उभा केला.

"रंगवा."

मला आधी कळेचना. मग हसू आवरेना. पोळ्याला बैलांची शिंगं रंगवतात ना, भाऊंना वाटलं सरांचा तोच धंदा आहे!

"कावून हसायलात वहिनी? कालच बोलले की सर."

सर हसले नाहीत. एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा सोन्याकडे. आणि ज्या महागड्या ब्रशला मला हात लावू द्यायचे नाहीत, तोच काढून शिंगं रंगवायला बसले. लाल रंग, टोकाला पिवळा, मधून बारीक पांढरी वेल. सोन्यानं मान खाली घातली ती शेवटपर्यंत हलवली नाही.

जनावरांच्या स्पर्धेच्या परीक्षकांनी नाक मुरडलं. सोन्याचा नंबर गेला.

"नंबर गेला चुलीत! शिंगं बगा, शिंगं!" भाऊ अख्ख्या मांडवाला सांगत फिरत होते.

तेव्हापासून दरवर्षी तोच नेम. आधी सोन्याची शिंगं, मग बाकीची चित्रं.

सर म्हणायचे, "माझी बाकीची चित्रं भिंतीला टांगलेली हायेत. हे एकच रवंथ करतं."

गेल्या वर्षीही शिंगं रंगवून घरी आले. त्याच आठवड्यात हार्ट अटॅक. ब्रश धुवायचे राहिले होते.

आज एक वर्ष झालं.

मागच्या आठवड्यात माजलगावला पुन्हा प्रदर्शन लागलं. मी जाणार नव्हते. पण शेषेरावभाऊंना कुणीच कळवलं नव्हतं. त्यांचा फोन नंबर सरांनी कधी घेतलाच नाही, प्रदर्शनात भेट ठरलेली असायची. कुणीतरी सांगायला हवं होतं.

सरांची रंगांची पेटी घेतली आणि एसटीत बसले. पेटी कशाला घेतली, मला विचारू नका.

भाऊंनी लांबूनच हात केला.

"या वहिनी! सर गाडी लावायलेत का?"

मी पेटी पुढे केली.

भाऊंनी पेटीकडे बघितलं. माझ्या मागं बघितलं. मग हळूच टोपी काढून हातात घेतली.

सोन्याच्या शिंगांवर गेल्या वर्षीचाच रंग होता. उजव्या शिंगाचे पार पोपडे निघालेले. डाव्यावरची वेल मात्र जागच्या जागी.

"पोळ्याला पोरं लई मागं लागली, रंगवू म्हनून," भाऊ म्हणाले. "मी म्हनलं, सरांचा रंग हाय, हात लावायचा न्हाई. सर आल्यावर सरच करतील."

वर्षभर मी घरातल्या चित्रांवरची धूळ पुसत होते. आणि सरांचं शेवटचं काम इथं उभं राहून कडबा खात होतं.

मी सोन्याच्या गळ्यात पडून रडले. सगळ्यांसमोर.

"ऱ्हाऊ द्या वहिनी. चला, च्या घेऊ."

"नको भाऊ. याला धरा."

धरायची गरजच नव्हती. पेटी उघडली, रंगाचा वास आला, आणि सोन्यानं आपणहून मान खाली घातली.

डाव्या शिंगाला मी हात लावला नाही. उजवं रंगवलं. जन्मात पहिल्यांदा सरांचा ब्रश धरला. वेल काढायला गेले तर गांडूळ झालं. रंग कानावर सांडला.

"कसं झालंय भाऊ?"

"लई भारी."

शेषेरावभाऊ खोटं बोलणारा माणूस नाही. त्या दिवशी बोलले.

सोबतच्या फोटोत दिसतंय ते डावं शिंग सरांचं, उजवं माझं. हसायचं त्यांनी खुशाल हसावं.

अहो सर, तुमच्या शेणाच्या पँट नाहीत तर धुणं लवकर उरकतं हल्ली. मला ते आवडत नाही.

तिकडंही म्हशी असतीलच.

निवांत बघत बसा, सर. या वेळी मी अबोला धरणार नाही.