कोल्हारची सगळी लग्नं एकाच दिवशी

फोटो काढायला माणूस पावडर लावून येतो; किस्सा मात्र चपलेसकट आत शिरतो. म्हणून नव्वदीच्या अखेरीला आमच्या कोल्हारच्या स्टुडिओत फोटोंपेक्षा किस्सेच जास्त साठले. मी तिथं फ्रेमा करायचो. शिक्षण सातवी, तेही मास्तरांच्या कृपेनं!

*

मालक भाऊसाहेबांनी फोटो ठेवायचा नवा प्रोग्रॅम आणला. कॉम्प्युटरवाली सुनीता म्हणाली, "जुन्यातले सगळे फोटो आता यात हलवायचे."

मी विचारलं, "टेम्पो सांगू?"

"नाना, दोन्ही एकाच डब्यात आहेत!"

"मग राहू दे की शेजारी शेजारी. भांडतात का?"

*

फोटो हलले. भाऊसाहेबांनी लगोलग जुना प्रोग्रॅम पुसून टाकला. "घर सोडताना झाडून द्यायची आपली पद्धत हाय!"

सुनीतानं कपाळाला हात लावला. फोटो नव्यात आले होते, पण माणसांची नावं जुन्यातच राहिली होती. गेली केरात!

*

त्यात कॉम्प्युटरचं घड्याळ बंद. नव्या प्रोग्रॅमनं सगळ्या फोटोंवर एकच तारीख टाकली. अख्ख्या कोल्हारची लग्नं, बारशी, सत्कार एकाच दिवशी! दुपारी पंख्याखाली मी पडद्यावर सरकणारे फोटो बघत बसायचो. एक वरात सरते न सरते तोच दुसरी निघे. आजोबा झालेले पुन्हा बाशिंग बांधून उभे. सगळं गाव प्रवरेच्या पाण्यातल्या सावलीसारखं हळूहळू हलायचं.

*

नावं परत घालायला सुनीता मला चेहरे विचारी. मी गणिताच्या मास्तरांच्या फोटोपुढं 'बँडवाला' लिहायला लावलं. फोटो घ्यायला आलेले मास्तर भडकले.

म्हटलं, "मास्तर, आमच्या पाठीवर काय कमी वाजवलंत?"

*

मग किसनअण्णा आले. "मंडळींचा फोटो पायजे. घरातला गळतीत भिजला. तुमच्यात एकच हाय." बायकोचं वर्षश्राद्ध चार दिवसांवर. नाव पुसलेलं, आणि त्यांचा चेहरा आम्हा कुणाला आठवेना. अण्णांनाच खुर्चीत बसवलं. सुनीता एकेक फोटो पुढं सरकवी. अण्णा बघत राहात. मलाही थट्टा सुचेना.

तिसऱ्या दुपारी सुनीता रडकुंडीला आली. "अण्णा, थोडेच राहिलेत. नसतील हो त्या यात."

"हाय की. काल सकाळीच घावली."

"आँ! मग सांगितलं का नाही?"

अण्णांनी पडद्यावर बोट ठेवलं. कुणाच्या तरी लग्नात, मागच्या रांगेत, एक बाई तोंडाला पदर लावून हसत होती.

"ही बी तीच. लई ठिकानी गेल्ती. सरकव पुढं, पोरी."